कडू बदामाची चव

माझ्या खोलीतील पुस्तकांच्या कपाटात, प्रार्थनाग्रंथांच्या रांगेच्या टोकाला, गेले काही महिने एक बाटली उभी आहे. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण प्रवासी जहाजावर नोकरीस असतो. त्याचे जहाज इटलीतील लिव्होर्नो बंदराला लागले असताना त्याने ती विकत घेतली आणि सुटीवर घरी आल्यावर मोठ्या प्रेमाने माझ्या हाती ठेवली. "फादर, तुम्ही एकदा प्रवचनात त्या मनोऱ्यांच्या गावाचं सांगितलं होतं ना, तिथलीच आहे," असे तो म्हणाला. बाटलीवरील चिठ्ठीवर नाव होते, वेर्नाच्चा दी सान जिमिन्यानो. वीस वर्षांनंतर एखाद्या जुन्या परिचिताचे पत्र यावे तसा आनंद मला झाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्याच धर्मग्रामातील एक भगिनी आपल्या पतीच्या महिन्याच्या मिस्साची वेळ ठरविण्यासाठी आली. पती चाळिशीत गेला. अंत्यविधीच्या प्रवचनात 'दीर्घ आजाराने' असे शब्द मी वापरले होते. तो दीर्घ आजार कोणता, हे मंदिरात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. वही उघडून मी तारीख लिहीत असताना तिची दृष्टी कपाटाकडे गेली.

"फादर, ही दारूच ना?"

"नाही गं. हा द्राक्षारस आहे," मी पटकन म्हणालो.

"असं होय," एवढेच ती म्हणाली. मिस्साचे पाकीट मेजावर ठेवून ती निघून गेली. तिच्या स्वरात उपरोध नव्हता. असता तर बरे झाले असते. मला रागावता आले असते. पण ते 'असं होय' माझ्या कानांतून अजून गेलेले नाही. गुरुविद्यालयात नीतिशास्त्राचे धडे घेतलेल्या आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ वेदीवर उभे राहिलेल्या माणसाला ह्या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर का देता आले नाही, ह्याचा विचार करीत असताना मन पुन्हा पुन्हा त्या बाटलीच्या मूळ गावी जाते. म्हणून प्रथम त्या गावाचीच हकिकत सांगतो.

सान जिमिन्यानो हे तोस्काना प्रांतातील सिएना जिल्ह्यातले एक लहानसे डोंगरी गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वातीनशे मीटर उंचीवर, तटबंदीच्या आत वसलेले. मध्ययुगात येथील धनिक घराण्यांनी एकमेकांच्या ईर्ष्येने उंच दगडी मनोरे बांधले. एके काळी ते बहात्तर होते असे सांगतात. आज चौदा उरले आहेत. उत्तर युरोपातून पेत्र आणि पौल ह्यांच्या समाधींकडे पायी निघालेले यात्रेकरू ज्या वाटेने रोमला जात, ती वाट ह्या गावातूनच जाते. यात्रेकरूंबरोबर व्यापार आला, व्यापाराबरोबर पैसा आला. केशर आणि द्राक्षारस ही येथली दोन मोठी उत्पादने. १२७६ सालच्या गावच्या जकातीच्या नियमांत वेर्नाच्चाचा उल्लेख सापडतो. पुढे १३४८ च्या प्लेगने गाव निम्मेशिम्मे ओस पडले, १३५३ मध्ये ते फ्लॉरेन्सच्या सत्तेखाली गेले आणि त्याची भरभराट थांबली. पैसा आटल्यामुळे जुने पाडून नवे बांधण्याची ऐपत कुणाला राहिली नाही, म्हणून ते जुने गाव जसेच्या तसे टिकले. १९९० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. दारिद्र्याने राखलेली ठेव पुढे श्रीमंतांनी पाहायला यावे, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणायचा.

वेर्नाच्चा हे मूळ द्राक्षाचे नाव. पांढऱ्या द्राक्षाची ही जात गावाभोवतीच्या उतारांवर वाढते. तेथील जमीन एके काळी समुद्राच्या तळाशी होती. पिवळसर वाळू आणि चिकणमाती ह्यांच्या थरांत आजही शिंपल्यांचे अवशेष सापडतात. रसाला त्या गावाचे नाव लावायचे असेल, तर किमान पंच्याऐंशी टक्के द्राक्षे वेर्नाच्चाचीच असावी लागतात. १९६६ साली इटलीत उगमस्थानाच्या नावाला कायद्याचे संरक्षण देण्याची पद्धत प्रत्यक्षात आली, तेव्हा पहिला मान ह्या रसाला मिळाला. १९९३ साली त्याला त्याहून वरचा दर्जा देण्यात आला. रंग वाळलेल्या गवतासारखा फिका पिवळा. वय वाढते तसा सोनेरीकडे झुकणारा. गोडवा नाही. चवीविषयी पुढे सांगतो, कारण ती चव मला पहिल्या दिवशी मिळाली नाही. दोष माझाच होता.

मी रोमला शिकत होतो तेव्हाची गोष्ट. १२ मार्च २००४. शुक्रवार होता आणि उपवासकाळ चालू होता. त्या दिवशी सान जिमिन्यानोत संत फीनाचा सण असतो. आमच्या वर्गातील एका इटालियन सोबत्याच्या ओळखीने तेथील एका वृद्ध धर्मगुरूंकडे माझी रात्रीची सोय झाली होती. पोज्जिबोन्सीपर्यंत आगगाडी, तेथून बस. वाटेत दोहो बाजूंना छाटलेल्या, निष्पर्ण द्राक्षवेलींच्या काळ्या रांगा. पाने नसलेल्या वेलीकडे पाहून हिच्यातून काही गोड निघेल असे कुणाला वाटणार नाही.

फीनाची कथा आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. १२३८ साली जन्मलेली ही गरीब घरची मुलगी दहाव्या वर्षी असाध्य आजाराने पंगू झाली. अंथरूण नाकारून ती एका लाकडी फळीवर पडून राहिली, ती पाच वर्षे. ख्रिस्ताच्या क्रुसाचे लाकूड तिला त्या फळीत दिसले. १२ मार्च १२५३ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी तिने देह ठेवला. त्या वेळी फळीवर आणि गावच्या मनोऱ्यांवर फुलांना बहर आला, अशी आख्यायिका आहे. मार्चच्या सुमारास आजही जुन्या भिंतींच्या फटींतून ती फुले उगवतात आणि गावकरी त्यांना फीनाचीच फुले म्हणतात. तिच्या कबरीवर जमलेल्या दानातून थोड्याच वर्षांत गावात एक मोठे रुग्णालय उभे राहिले. जिने स्वतःसाठी उशी घेतली नाही, तिच्या नावाने परक्या यात्रेकरूंना खाट मिळाली.

तिच्या समाधीचे प्रार्थनागृह गावच्या मुख्य मंदिरात आहे. त्यावर गिर्लांदायोने काढलेली भित्तिचित्रे जगप्रसिद्ध आहेत. परंतु मला त्या मंदिराच्या इतर भिंतींनीच अधिक वेळ थांबवून धरले. डाव्या बाजूस जुन्या करारातील प्रसंग आहेत. ते बार्तोलो दी फ्रेदी ह्या चित्रकाराने १३६७ च्या सुमारास रंगविले. त्यांत जलप्रलयानंतर द्राक्षमळा लावून त्याच्याच रसाने नशेत पडलेला नोहा आहे. समोरच्या भिंतीवर येशूचे चरित्र आहे आणि त्यात कानाच्या लग्नाचा प्रसंग आहे. दाराजवळच्या भागात, वरच्या बाजूस, ताद्देओ दी बार्तोलोने नरक रंगविला आहे. तेथे खादाडांसाठी स्वतंत्र जागा आहे: अन्नाने भरलेले मेज, भोवती ती फुगलेली माणसे, आणि मानेशी बसलेले सैतान. आणि ह्या सगळ्यांच्या शेजारी, फळीवर पडलेली पंधरा वर्षांची फीना.

ज्या गावाचा चरितार्थ द्राक्षारसावर चालत होता, त्या गावाने आपल्या मंदिरात ही चारही चित्रे शेजारी शेजारी ठेवली. एकच ठेवले असते तर सोपे झाले असते. नुसता नोहा ठेवला असता तर द्राक्षमळे उपटावे लागले असते. नुसते काना ठेवले असते तर व्यापाऱ्यांना बरे वाटले असते. रविवारच्या मिस्साला येणाऱ्या मळेवाल्याला एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे मान वळवावी लागत असणार. मला वाटते, नीतिशास्त्राच्या जाड ग्रंथांहून ती मान वळविण्याची सवय अधिक उपयोगाची होती.

त्या रात्री जेवणाच्या मेजावर उपवासकाळाला साजेसेच साधे अन्न होते. काबुली चण्यांचे रोझमेरी घातलेले दाट सार. तोस्कानाचा बिनमिठाचा पाव. आणि खारवलेला कॉड मासा, पाण्यात भिजवून त्यातले मीठ काढून ऑलिव्हच्या तेलात शिजवलेला. सुकी मासळी ज्यांच्या घरात पावसाळाभर असते, त्यांना त्या माशाची ओळख पटायला वेळ लागणार नाही. वृद्ध धर्मगुरूंनी वेर्नाच्चाची बाटली उघडली आणि माझ्यापुढे पेला सरकवला. मी हात आडवा धरला. "उपवासकाळात मी घेत नाही," असे म्हणालो. ते शब्द मी अशा स्वरात उच्चारले की, ऐकणाऱ्याला माझ्या त्यागाची दखल घ्यावीच लागावी.

शुक्रवारी ख्रिस्तसभा मांस वर्ज्य करायला सांगते, द्राक्षारस नव्हे. ही मनाई मी स्वतःच्या पदरची घातली होती, आणि त्यात काही वावगे नाही. तसे व्रत अनेक श्रद्धावंत मनोभावे पाळतात. परंतु माझ्या नकारात व्रतापेक्षा वेगळे काहीतरी होते. ज्यांना कुणाला जेवताना द्राक्षारस लागतो, ते आध्यात्मिकदृष्ट्या माझ्याहून पायरीभर खाली आहेत, असा तो भाव होता. यजमानांनी वाद घातला नाही. पेला स्वतःकडे घेतला, त्यात बोटभर रस ओतला आणि म्हणाले, "आज तिचा सण आहे." मग ते जेवू लागले.

संत थॉमस अक्वायनस ह्यांचे निधन ७ मार्च १२७४ रोजी झाले, म्हणजे जकातीच्या त्या नोंदीच्या दोन वर्षे आधी. संयमाविषयी लिहिताना त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे. गुरुविद्यालयात ती शिकताना मी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते. इंद्रियसुखाच्या अतिरेकाला ते दोष मानतात, ह्यात नवल नाही. पण त्यांच्या मते त्याच्या उलट टोकालाही एक दोष आहे. देवाने निसर्गात जे सुख जगण्याशी जोडून दिले आहे, त्याचा तिटकारा करणे, त्याबाबत दगड होऊन राहणे, हाही दुर्गुणच. काही उच्च हेतूसाठी, प्रार्थनेसाठी, प्रायश्चित्तासाठी सुखाचा त्याग करणे त्यांना स्तुत्य वाटते. नुसता तिटकारा नव्हे. फीनाची फळी आणि माझा आडवा हात ह्यांतला फरक येथे आहे. तिने कुणाच्या खाटेला नावे ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघण्यापूर्वी पुन्हा मेज मांडले गेले आणि पुन्हा पेला पुढे आला. ह्या वेळी मी तो घेतला. आता चवीविषयी. आपण वेदीवर वापरतो तो द्राक्षारस बहुधा गोडसर असतो, म्हणून माझी जीभ गोडाची वाट पाहत होती. गोड काही आलेच नाही. प्रथम पांढऱ्या फुलांचा आणि हिरव्या सफरचंदाचा अगदी मंद वास. मग लिंबासारखा आंबटपणा. मग पावसाने भिजलेल्या दगडाची आठवण करून देणारी एक कोरडी चव. आणि घोट गिळून झाल्यावर, जिभेच्या मागच्या बाजूस, कडू बदाम चावल्यासारखी किंचित कडवट छटा. ही शेवटची कडवट छटा ह्या रसाची खूणच आहे, असे यजमान म्हणाले. ती नसेल तर तेथील लोक नाक मुरडतात. ह्या कडवटपणामुळे आणि आंबटपणामुळे तो अन्नावाचून एकटा फारसा शोभत नाही. बिनमिठाचा पाव, ताजे मेंढीचे चीज, तळलेली भाजी, केशर घातलेला भात, कोंबडी, मासे ह्यांच्या संगतीत तो खुलतो, आणि तेलकटपणा पुसून टाकून पुढच्या घासासाठी तोंड स्वच्छ करतो. आपल्याकडच्या तळलेल्या बोंबलाबरोबर तो उत्तम लागेल अशी माझी खात्री आहे. आपल्या लाल मसाल्याच्या कालवणापुढे मात्र तो बिचारा हरवून जाईल.

तासभर चाललेल्या त्या जेवणात आम्हा दोघांत मिळून बाटली निम्मीसुद्धा रिकामी झाली नाही. बूच लावून ती परत कपाटात गेली. ते बूच लावणे मला फार मोठे वाटले. आमच्या भागात उघडलेली बाटली परत कपाटात गेलेली मी क्वचितच पाहिली आहे.

रोमला परतल्यावर, आणि पुढे मायदेशी आल्यावरही, बरीच वर्षे मी एक सिद्धांत मनाशी बाळगून होतो. सिद्धांत असा की, चव घेणारा आणि नशा शोधणारा ही दोन वेगळी माणसे आहेत. आपल्याकडे पिणारा माणूस चव घेतच नाही; नाक दाबून काढा घ्यावा तसा तो पेला रिकामा करतो, तोंड वाकडे करतो, आणि वर खारवलेले शेंगदाणे टाकतो. त्याला चवीची गोडी लावली, तर तो आपोआप सावकाश पिईल, थोडे पिईल, जेवणाबरोबर पिईल. ऐकायला हे सुंदर आहे. एकदोन लग्नांच्या जेवणात मी ते बोलूनही दाखवले, आणि लोकांनी माना डोलावल्या. धर्मगुरूने पिण्याला तत्त्वज्ञान पुरवले तर माना डोलणारच.

ह्या सिद्धांताचे खंडन करायला एक पोपमहाशय पुरेसे आहेत. चौथे मार्टिन, १२८१ ते १२८५ ह्या काळातले, मूळचे फ्रान्सचे. दांतेने आपल्या महाकाव्यात त्यांना शुद्धिस्थानाच्या सहाव्या पायरीवर, खादाडांच्या मेळाव्यात उभे केले आहे. बोल्सेना सरोवरातील वाम मासे आणि वेर्नाच्चा ह्यांचे प्रायश्चित्त ते तेथे उपासाने घेत आहेत, असे दांते सांगतो. वामी वेर्नाच्चात बुडवून मारायच्या आणि मग भाजायच्या, अशी त्यांची आवड होती, असे जुने टीकाकार लिहितात. त्या काळी वेर्नाच्चा हे नाव एकाहून अधिक ठिकाणच्या रसांना लावीत, त्यामुळे पोपमहाशयांचा पेला नेमका कोणत्या गावचा, ह्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. दांते स्वतः १३०० च्या सुमारास फ्लॉरेन्सचा वकील म्हणून सान जिमिन्यानोला गेला होता, आणि तेथील नगरसभेच्या दालनाला आज त्याचेच नाव आहे. त्यामुळे गावकरी हा मान, मान म्हणायचा तर, आपल्याकडेच ओढून घेतात.

आता पाहा. ह्या पोपमहाशयांना चवीची जाण कमी होती काय? कोणत्या सरोवरातली वाम, कोणता रस, किती वेळ बुडवायचा, हे त्यांना पक्के ठाऊक होते. माझ्या सिद्धांतानुसार ते संयमाचे आदर्श ठरायला हवे होते. चवीचे ज्ञान ही संयमाची हमी नव्हे. कधी कधी तो असंयमाचा सभ्य पोशाख असतो. (ह्याच पोपमहाशयांनी १२८१ साली पूर्वेकडील सम्राटाला बहिष्कृत केले आणि पूर्व-पश्चिम ख्रिस्तसभांची नुकतीच जुळलेली एकी मोडीत काढण्यास हातभार लावला. तो दोष वामीहून कितीतरी मोठा होता. परंतु लोकांच्या लक्षात राहिले ते त्यांचे ताट. आम्हा धर्मगुरूंच्या ताटाकडे लोकांचे लक्ष असते, हे तेव्हाही खरे होते.)

दांतेच्या त्या पायरीवरील शिक्षा मात्र विचार करण्याजोगी आहे. तेथे एक फळांनी लगडलेले झाड आहे, त्यावर निर्मळ पाणी झरते आहे, आणि त्यांच्या सुवासाने त्या कृश झालेल्या जिवांची भूक वाढते. त्यांची घ्राणशक्ती हिरावून घेतलेली नाही. सुगंध आहे, ओढ आहे, आणि हात आवरलेला आहे. चवीची वासना मारून न टाकता तिला वळण लावायचे, असा हा उपाय दिसतो. म्हणूनच ते शुद्धिस्थान आहे, नरक नव्हे. सान जिमिन्यानोच्या भिंतीवरील नरकात मात्र कुणालाच वळण लागायचे नाही.

मग चव हे उत्तर नसेल, तर उत्तर कुठे शोधायचे? पुन्हा अक्वायनसकडे वळतो. द्राक्षारस पिणे मुळात निषिद्ध आहे काय, असा प्रश्न त्यांनी सरळ विचारला आणि उत्तर 'नाही' असे दिले. कोणतेही अन्न वा पेय स्वतःहून माणसाला अशुद्ध करीत नाही, हे आपल्या प्रभूचेच वचन त्यांच्यापुढे होते. परंतु चार परिस्थितींत ते निषिद्ध होऊ शकते, असेही त्यांनी सांगितले. पिणाऱ्याला ते सहज बाधत असेल तर. त्याने न पिण्याचे व्रत घेतले असेल तर. तो मर्यादा ओलांडीत असेल तर. आणि त्याच्या पिण्याने दुसऱ्या कुणाला ठेच लागत असेल तर. ह्या चार अटी मी विद्यार्थी असताना परीक्षेसाठी पाठ केल्या होत्या. त्यांतली एकही अट द्राक्षारसाविषयी नाही, हे माझ्या ध्यानात आता येते. पहिल्या तीन पिणाऱ्याविषयी आहेत, चौथी त्याच्या शेजाऱ्याविषयी.

पहिल्या अटीचा अनुभव आम्हा धर्मगुरूंना अगदी जवळून आहे. माझ्या परिचयाचे एक धर्मगुरू व्यसनातून बाहेर पडले. त्यांना थेंबभर मद्यही चालत नाही. वेदीवरचा प्यालाच त्यांच्यासाठी धोक्याचा. ख्रिस्तसभेचा नियम सांगतो की, मिस्सासाठी रस द्राक्षाचाच हवा, नैसर्गिक हवा, बिघडलेला नसावा. परंतु अशा धर्मगुरूंना महागुरूंच्या परवानगीने ताज्या द्राक्षांचा, आंबण्याची क्रिया नुकतीच सुरू होऊन थांबविलेला, जवळजवळ मद्यविरहित रस वापरता येतो. रोमने २००३ साली ह्याविषयीचे नियम पुन्हा स्पष्ट केले. ज्या ख्रिस्तसभेने द्राक्षारसाला वेदीवर नेले, तिनेच एका दुबळ्या माणसासाठी त्यातील मद्य काढून ठेवण्याची वाट मोकळी ठेवली. ते धर्मगुरू मला एकदा म्हणाले, "तुला जे देणं आहे ते मला विष आहे, आणि दोन्ही एकाच वेलीवरचं आहे. ह्याचा मला राग येत नाही. लोक मला आग्रह करतात, त्याचा येतो." नोहाच्या चित्रापासून कानाच्या चित्रापर्यंत त्या मंदिरात फार तर पंचवीस पावले असतील. त्यांनी ती उलट दिशेने चालून पाहिली होती.

नोहाच्या गोष्टीचा एक भाग राहिला. बाप नशेत उघडा पडलेला असताना एका मुलाने बाहेर जाऊन ते सांगितले. दुसऱ्या दोघांनी पाठमोरे चालत जाऊन त्याच्यावर वस्त्र घातले, त्याची लाज पाहिली नाही. त्या दोघांना आशीर्वाद मिळाला. आपण आपल्या धर्मग्रामांत त्या दोघांचे अनुकरण अगदी मनापासून करतो. अमक्याचे यकृत गेले, तर 'कावीळ झाली होती' म्हणतो. तमका लग्नातून परतताना पडला, तर 'रस्त्यावर दिवे नव्हते' म्हणतो. मीही वेदीवरून 'दीर्घ आजार' म्हणालो. वस्त्र घालणे ही माया आहे ह्यात शंका नाही. पण नोहा दुसऱ्या दिवशी जागा झाला आणि काय घडले ते त्याला कळले. आपण ज्याच्यावर वस्त्र घालतो, तो जागा होणारच नसेल तर? आणि त्याची पत्नी, जिने ती पंधरा वर्षे उघड्या डोळ्यांनी पाहिली, तिच्यावर आपण नेमके काय पांघरतो?

त्या दिवशी तिने विचारले आणि मी 'द्राक्षारस' म्हणालो, तेव्हा मी दुसऱ्यांदा तेच वस्त्र पसरले, ह्या वेळी स्वतःवर. बाटलीवर छापलेले आहे: मद्याचे प्रमाण साडेबारा टक्के. द्राक्षारस हा शब्द आपल्या शास्त्रात आहे, मिस्साच्या ग्रंथात आहे, त्याला वेदीचे पावित्र्य आहे. त्या पावित्र्याच्या आडोशाला मी माझी भेटवस्तू लपवली. ती पाहुणचाराची, मैत्रीची वस्तू होती. तिच्यात लाज वाटण्याजोगे काही नव्हते. लाज मी शब्दाच्या अदलाबदलीने निर्माण केली.

महिन्याच्या मिस्सानंतर ती सामानाच्या खोलीच्या दाराशी थांबली होती. वेदीसेवक मेणबत्त्या आत आणीत होते. मी तिला म्हणालो, "त्या दिवशी मी तुला नीट सांगितलं नाही. ती दारूच आहे. इटलीच्या एका गावची, चांगली, पण दारूच."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ठाऊक होतं मला, फादर. त्यांच्या कपाटातली पण चांगलीच असायची सुरुवातीला. गल्फची."

"ठेवू नको म्हणशील तर ठेवणार नाही," मी म्हणालो.

"तुमची वस्तू, तुम्ही ठेवा," ती म्हणाली, आणि आत मेणबत्त्यांचे टोक कापीत असलेल्या मुलाकडे तिने मानेनेच खूण केली. "हा सतरा वर्षांचा झाला. बाबा कशानं गेले ते त्याला अजून कुणी तोंडानं सांगितलेलं नाही. मला जमत नाही. तुम्ही सांगाल?"

मी होय म्हणालो. मुलगा ह्या रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर माझ्या खोलीवर येणार आहे. बाटली मी कपाटातून हलवलेली नाही.